खोगीरभरती आणि मोहरकीची भर : अश्वसाजांतील उठावाच्या चामडेकामाविषयीं टिपण

१. प्रयोजन

पोळा जवळ आला म्हणजे पिंपळगांव बसवंतसारख्या बाजारगांवीं बैलांच्या म्होरक्या, वेसणी, कासरे, गोंडे आणि घुंगुरमाळा विकावयास येतात. जाणता शेतकरी म्होरकी हातीं घेतो तेव्हां प्रथम तिची आंतली बाजू अंगठ्यानें चाचपतो. गोंड्याचा रंग तो मागाहून पाहतो. जनावराच्या कातडीस जी बाजू लागते तीच महत्त्वाची, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकांची रीत मात्र याच्या उलट आहे. पागेच्या याद्यांत लगाम, मोहरकी, खोगीर, तंग, दुमची हे शब्द आले म्हणजे आपण कोशांत त्यांचा अर्थ पाहतों व पुढें जातों. संग्रहालयांत जुना साज पाहिला तर त्यावरील जर व चांदी पाहतों. वस्तु उलटी करून तिची शिवण पाहावी असें आपल्या मनांत येत नाहीं.

प्रस्तुत टिपणाचा विषय या साजांतील एक लहानसें अंग आहे. घोड्याच्या मुखसाजांत कपाळावरून जाणारा एक पट्टा व नाकावरून जाणारा एक पट्टा असतो. हे पट्टे पुष्कळदां सपाट नसून त्यांच्या पोटांत भर घालून वरचें चामडें मध्यावर फुगविलेलें असतें. पाहणाऱ्यास हा उठाव केवळ शोभेचा वाटतो. तो शोभतो यांत शंका नाहीं. परंतु त्यानें पट्ट्याचें बळ वाढतें, आकार टिकतो, आणि त्याच रीतीनें आंतल्या बाजूस केलेली गादी जनावराचें अंग राखते. हा पट्टा कसा घडतो हें समजून घेतल्यास जुन्या साजाची परीक्षा कशी करावी हेंहि कळूं लागतें, आणि ज्या कारागिराचें नांव दफ्तरांत क्वचितच येतें त्याच्या बुद्धीची ओळख पटते. एवढ्याचसाठीं हा विषय येथें थोड्या विस्तारानें मांडला आहे.

२. शब्दांची साक्ष

घोडा आपल्या रोजच्या व्यवहारांतून गेला, तरी त्याचा साज भाषेंत राहिला आहे. आपण चोरास जेरबंद करतों. कारभाराची बागडोर कोणाच्या तरी हातीं देतों. खर्चास लगाम घालतों. पानाचा तोबरा भरतों. यांपैकीं जेरबंद हा मूळचा एक पट्टा होय. घोड्यानें मान वर झुगारूं नये म्हणून तंगापासून पुढल्या पायांमधून मोहरकीपर्यंत तो आणीत. फारसींत ‘जेर’ म्हणजे खालीं. खालून बांधलेला बंद तो जेरबंद. तोबरा ही घोड्याच्या तोंडास बांधावयाची दाण्याची पिशवी. बोलणाऱ्यास आज त्यांतील घोडा दिसत नाहीं इतकेंच.

या शब्दांत प्रस्तुत विषयाशीं सर्वांत निकटचा शब्द ‘खोगीरभरती’ हा होय. निरुपयोगी वस्तूंचा किंवा माणसांचा भरणा, या अर्थीं तो आतां रूढ आहे. खोगिरांत चिंध्या, लोंकर, कापूस, जें हातीं लागेल तें कोंबीत, यावरून हा अर्थ आला. परंतु खुद्द ‘खोगीर’ या शब्दाची व्युत्पत्ति पाहिली म्हणजे निराळेंच दिसतें. फारसींत ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घाम टिपून धरणारें तें खोगीर. म्हणजे खोगिराचें सार त्याच्या भरतींतच होतें. भरती वाईट झाली, तिच्यांत गांठ राहिली किंवा ती एका बाजूस सरकली, तर दोन मजलांत घोड्याची पाठ लागे आणि तो घोडा पुढें कांहीं काळ असून नसल्यासारखा होई. म्हणीनें ज्या भरतीस हिणविलें, ती स्वारास जीवनमरणाची बाब होती.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तयार साजाचीं नांवें बहुतेक फारसी-अरबी आहेत : लगाम, जीन, तंग, रिकीब, दुमची, पेशबंद, नाल. साज करणाऱ्या ‘जिनगर’ कारागिराचें नांवहि फारसीच; जीन करणारा तो जिनगर. परंतु त्याच्या हातांतील हत्यारांकडे व त्याच्या कृतींकडे पाहावें तों शब्द एकदम देशी होतात : रापी, आरी, वादी, टाका, शिवण, अस्तर यांत फारसी म्हणावा असा एक अस्तरच. आरी ही संस्कृत ‘आरा’. चामडें भेदणारें हत्यार म्हणून अमरकोशांत ती आलेली आहे. वादी हा शब्द संस्कृत ‘वर्ध्र’, म्हणजे चामड्याची पट्टी, यापासून आला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांत चतुरंगवर्ग आहे, आणि दरबारांत रुळलेल्या यावनी नांवांस संस्कृत प्रतिशब्द देणें हा त्या कोशाचा हेतु होता. आरी व वादी यांस तसा प्रतिशब्द शोधण्याची गरजच नव्हती. दरबार ज्या भाषेंत वस्तु मागत होता ती भाषा एक, आणि वस्तु ज्या भाषेंत घडत होती ती दुसरी. राज्यें बदललीं तशीं वस्तूंचीं नांवें बदललीं. घडविण्याचे शब्द मात्र बदलले नाहींत. चामडेकामाची परंपरा येथें जुनी व अखंड होती असें म्हणावयास ही शब्दांची साक्ष पुरेशी बळकट आहे.

३. स्थळ

पिंपळगांव बसवंत हें निफाड तालुक्यांतील गांव मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकच्या ईशान्येस सुमारें ३० किलोमीटरांवर आहे. आज कांदा, टोमॅटो व द्राक्षें यांच्या बाजारासाठीं तें प्रसिद्ध आहे. परंतु हा मुलूख घोड्यांच्या टापांखालचा आहे. पश्चिमेस दिंडोरी, वायव्येस वणी, ईशान्येस चांदवड, आणि उत्तरेस सातमाळ्याची डोंगररांग. सुरतेची दुसरी लूट करून शिवछत्रपति परत येत असतां ता. १७ ऑक्टोबर १६७० रोजीं वणी-दिंडोरीची लढाई झाली, ती याच मुलखांत. दाऊदखान चांदवडच्या बाजूनें आला. मराठ्यांच्या फौजेस लूट सांभाळून घाट उतरावयाचा व उघड्या मैदानांत मोगलांशीं झुंजावयाचें होतें. इखलासखान मियाना घायाळ होऊन घोड्यावरून पडला. अशा चालींत ओझ्याचा घोडा आणि लढाऊ घोडा या दोहोंचाहि साज किती ताण सोसत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोहमार्ग आला तो निफाड व लासलगांव यांवरून गेला. पिंपळगांव रस्त्यावरच राहिलें. मोटारी येईपर्यंत अशा गांवांची वाहतूक बैलगाडी, टांगा व घोडा यांवरच चालणार हें उघड आहे. याच जिल्ह्यांत येवलें येथें घोड्यांचा बाजार दीर्घकाळ भरत आला आहे. मंगळवारच्या त्या बाजारास दसऱ्याच्या सुमारास विशेष गर्दी होते. तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांची मोठी खरेदीविक्री होते. घोडा या प्रदेशांतून अजून नाहींसा झालेला नाहीं. वरातींत व शर्यतींत तो आहे. त्याच्या अंगावरचें चामडें मात्र बहुतांशीं जाऊन त्या जागीं नायलॉनचा पट्टा व रेक्झिन आलें आहे.

४. चामड्याची निवड

उठावाचें काम कोणत्याहि चामड्यावर होत नाहीं. त्यास वनस्पतींच्या सालीनें कमावलेलें चामडें लागतें. आपल्याकडे जुन्या रीतींत कातडें प्रथम चुन्याच्या पाण्यांत ठेवून केंस सैल करीत, तें धुऊन घेत, आणि मग बाभळीची किंवा तरवडाची साल व हिरडा यांच्या काढ्यांत मुरवीत. खेडेगांवीं कातडें पिशवीसारखें शिवून त्यांत साल व पाणी भरून तें टांगण्याचीहि रीत होती. अशा चामड्याचा गुण हा कीं, तें भिजलें म्हणजे त्यांतील तंतु एकमेकांवरून सरकूं शकतात. त्या स्थितींत त्यास जो आकार द्यावा तो सुकल्यावर कायम राहतो. पाण्यानें मऊ झालेली माती सुकून जशी आकार धरते, तसाच कांहींसा हा प्रकार आहे.

क्रोम धातूच्या क्षारांनीं चामडें कमावण्याची रीत अमेरिकेंत १८८४ सालीं पेटंट झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासेंत तिचे प्रयोग झाले. हें चामडें मऊ, चिवट व पाणी सोसणारें असतें; परंतु त्यास दाबून दिलेला आकार तें सुकतांना सोडून देतें. म्हणून उठावाच्या वरच्या पदरास तें चालत नाहीं. हा भेद पुढें जुन्या वस्तूचा काळ ठरवितांना उपयोगीं पडेल.

एकाच कातड्याचे सर्व भागहि सारखे नसतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचें चामडें घट्ट व कमी ताणणारें; पोटाकडचें व कांखेचें सैल. ज्यावर ताण येतो तो तळचा पट्टा कण्याशीं समांतर, पाठीच्या भागांतूनच कापला पाहिजे. पोटाकडचा पट्टा आज सरळ दिसला तरी महिन्याभरांत वाढतो आणि वांकडा होतो.

५. उठाव व गादी यांतील भेद

भर दोन प्रकारची असते आणि दोहोंचें काम निराळें आहे, हें आरंभींच ध्यानांत ठेवलें पाहिजे. तळपट्टा व वरचें पातळ चामडें यांच्या मध्यें, म्हणजे बाहेरच्या बाजूस घातलेली भर ती उठावाची. तळपट्टा व मऊ अस्तर यांच्या मध्यें, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या बाजूस घातलेली ती गादीची. उठावाची भर टणक असावी लागते, गादीची दबणारी.

उठावानें पट्टा ताठ होतो. याचें कारण सोपें आहे. चामड्याचे दोन पदर नुसते एकावर एक ठेवले तर वांकविण्यास दुप्पट जोर लागतो. तेच दोन पदर एकजीव केले तर सुमारें आठपट लागतो. मध्यें भर घालून वरचा पदर कमानीसारखा उचलला, म्हणजे थोड्या चामड्यांत पुष्कळ ताठपणा येतो. पन्हळी पत्रा सपाट पत्र्याहून ताठ असतो, त्याचें कारणहि हेंच. असा नाकपट्टा पिळत नाहीं व त्याची कड उलटून नाकांत रुतत नाहीं. गादीचें काम दाब पसरविण्याचें. अरुंद पट्ट्याचा दाब दोन कडांवर एकवटतो. गादी तो सर्व रुंदीवर वांटून देते. हेंच काम पाठीवर खोगिराच्या भरतीनें होत असे. म्हणजे खोगीर आणि मोहरकी यांच्या मागची युक्ति एकच; एक कापडांत केलेली, दुसरी चामड्यांत.

आज उठावाचे पट्टे ज्या रूपांत दिसतात, तें रूप युरोपीय साजाच्या वळणाचें आहे. १८५७ नंतरच्या काळांत कानपूर येथें सरकारी साजाचा कारखाना उभा राहिला, आणि तेथील साजकामास आतां भौगोलिक निर्देशांकाची नोंदहि मिळालेली आहे. परदेशीं जाणाऱ्या तेथील लगामांत उठावाचा नाकपट्टा व कपाळपट्टा ही नेहमींची वस्तु आहे. परंतु भिजवून आकार देणें, मध्यें भर घालणें, दोन सुयांनीं शिवणें, यांतील एकहि क्रिया येथल्या कारागिरास नवीन नव्हती.

६. कृति

मापासाठीं एक इंच रुंदीचा नाकपट्टा घेऊं. कारखान्यांतील रिवाजाप्रमाणें बारीक मापें सुतांत देतों. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

तळपट्टा सुमारें एक सूत जाडीचा व एक इंच रुंद कापावा, आणि त्याच्या मध्यावर रेघ ओढावी. भरेसाठीं जाड चामड्याची अर्धा इंच रुंद पट्टी घेऊन रापीनें तिच्या दोन्ही कडा तासाव्या; आडवा छेद घेतला असतां ती अर्ध्या काकडीसारखी, मध्यें दोन सूत उंच व कडांस शून्य, दिसली पाहिजे. पट्टीचीं दोन्ही टोकें तर दोन-अडीच इंचांपासून उतरतीं करीत शेवटीं कागदासारखीं पातळ करावीं लागतात. या कामांत नवशिक्याची घाई होते. टोंक एकदम तुटलें तर बाहेरून पायरी दिसते; आणि वांकतांना पट्टा नेमका त्या पायरीपाशींच मोडतो.

भर तळपट्ट्यावर बसविण्यास खळ वापरावी. चिंचोक्याची किंवा मैद्याची खळ, तींत किडीसाठीं किंचित् मोरचूद, ही पुस्तकबांधणीच्या कामांत परिचित आहे. तीच येथें चालते. सरस अधिक घट्ट धरतो खरा, पण सुकल्यावर कांचेसारखा कडक होतो आणि पट्टा वांकतांच तडकतो. खळीचें काम शिवण होईपर्यंत भर जाग्यावर ठेवण्यापुरतें आहे. पुढचा भार टाक्यांनीं वाहावयाचा असतो.

वरचें चामडें पातळ, सुमारें अर्ध्या सुताचें, असावें. त्याची रुंदी काढतांना चूक होते, म्हणून हिशेब सांगतों. अर्धा इंच रुंद व दोन सूत उंच अशा अर्धवर्तुळाकार भरेवरून जातांना चामड्यास सपाट अंतरापेक्षां अडीच-तीन सूत अधिक लांबी लागते. दोन्ही कडांस मागाहून कापून काढावयास एक-एक सूत धरावें. म्हणजे एक इंचाच्या पट्ट्यास वरचें चामडें दीड इंचाहून किंचित् अधिक रुंद घेतलें पाहिजे. कमी घेतल्यास तें ताणून बसवावें लागतें, आणि ताणलेलें पातळ चामडें टाक्यापाशीं फाटतें.

हें चामडें पाण्यांत बुडवावें. बुडबुडे यावयाचे थांबले म्हणजे बाहेर काढून, त्याचा मूळचा रंग परत दिसूं लागेपर्यंत ठेवावें. अगदीं ओलें असतां तें ठसा धरीत नाहीं. फार सुकलें तर वळत नाहीं. योग्य वेळ साधून तें भरेवर पसरावें आणि मध्यापासून दोन्ही बाजूंस बोटांनीं दाबीत न्यावें. नंतर हाडाच्या किंवा लांकडाच्या चपट्या घोटण्यानें भरेच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस दाबून स्पष्ट चर पाडावा. येथें लोखंडी हत्यार वापरूं नये. सालीनें कमावलेल्या ओल्या चामड्यास लोखंड लागलें म्हणजे काळा डाग पडतो व तो निघत नाहीं. हिरडा व हिराकस यांपासून काळा रंग होतो तो याच गुणानें. रंगाऱ्याचा जो गुण तोच येथें दोष होय. मग पट्टा सावलींत सुकवावा. उन्हांत किंवा चुलीजवळ सुकविलेलें चामडें आक्रसतें आणि कडकडीत होतें.

सुकल्यावर शिवण. भरेच्या मुळाशीं पडलेल्या चरांतून दोन्ही बाजूंस एक-एक ओळ जाते. दांतेरी चाक फिरवून इंचास आठ ते दहा टाक्यांच्या खुणा कराव्या. आरीचें पातें चौकटच्या आकाराचें असतें. तें प्रत्येक खुणेवर एकाच तिरकसपणानें धरावें, म्हणजे भोंकें एकमेकांच्या रेषेंत येऊन मधलें चामडें फाटत नाहीं. दोऱ्यासाठीं सणाचे तीन-चार पदर एकत्र वळून त्यांस मेण व थोडी राळ चोळीत. शिवणीच्या सुमारें चौपट दोरा घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांस सुया ओंवाव्या. प्रत्येक भोंकांतून दोन्ही सुया समोरासमोरून जातात व दोन्ही हातांनीं सारखा ताण देऊन टाका बसवितात. या शिवणींत एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहींत, कारण प्रत्येक भोंकांत दोऱ्याचे दोन स्वतंत्र पदर असतात. यंत्राच्या शिवणींत वरचा व खालचा दोरा केवळ एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजला कीं दुसरा मोकळा होतो.

शेवटीं गांठ मारीत नाहींत. दोन-तीन टाके उलटे परत घेऊन दोरा चामड्याच्या पृष्ठाशीं कापून टाकतात. गांठ मारणें सोपें आहे. परंतु ती गांठ आंतल्या बाजूस राहिली तर घोड्याच्या नाकाच्या हाडावर रोज घासणार. सबंध कामांत कारागिराची कसोटी कोठें लागते असें विचारल्यास, या न मारलेल्या गांठींत, असें म्हणावें लागेल.

गादी करावयाची असल्यास तळपट्ट्याच्या आंतल्या बाजूस नमद्याची पट्टी ठेवून तीवर बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या मऊ कातड्याचें अस्तर घेतात आणि कडेनें शिवतात. नमद्याची कड शिवणीखालीं सांपडूं देऊं नये. सांपडल्यास तेथें वळ उठतो. सरतेशेवटीं दोन्ही कडा एका रेषेंत कापून, त्यांची धार तासून, पाणी लावून कापडानें घोटाव्या व मेण द्यावें. चामड्यास थोडें करंजेल किंवा तत्सम तेल आंतून चोळावें. तेल अति झालें तर वरचा उठाव मऊ पडून बसतो.

७. घोड्याच्या अंगावर

उत्तम घडलेला पट्टाहि चुकीच्या जागीं बांधला तर अपाय करतो. घोड्याच्या नाकाचें हाड वरच्या भागीं भक्कम असून खालीं पातळ होत जातें, आणि त्याहून खालीं केवळ कूर्चा असते. म्हणून नाकपट्टा गालाच्या उंच हाडाखालीं दोन बोटांवर असावा, त्याहून खालीं उतरूं नये. आणि नाकाच्या हाडावर त्याच्याखालून दोन बोटें सहज गेलीं पाहिजेत. गादी आहे म्हणून पट्टा अधिक आंवळण्यास हरकत नाहीं, हा समज घातक आहे. गादी दाब वांटते, नाहींसा करीत नाहीं. कानांमागच्या पट्ट्याची गादी कानाच्या मुळाशीं संपतां कामा नये. तिनें कानांस मोकळी जागा ठेवावी.

नायलॉनच्या आजच्या पट्ट्यांत पुष्कळदां स्पंजाची भर असते. तो घाम पितो, धूळ धरतो, आणि कांहीं काळानें त्याचा भुगा होतो. मग आंत गोळे बनतात. जुन्या म्हणीनें ज्यास हिणविलें ती खोगीरभरती हीच. पूर्वीच्या कारागिरास ती ओळखतां येत होती, म्हणून तर म्हण झाली.

८. जुनी वस्तु कशी पाहावी

आतां संशोधकाच्या उपयोगाची गोष्ट. एखाद्या वाड्यांत किंवा संग्रहालयांत मोहरकी अथवा लगाम आढळल्यास तिच्याविषयींच्या कुलकथेवर भिस्त ठेवण्यापूर्वीं पुढील चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, चामड्याचा छेद. तुटलेल्या कडेवर चामडें आरपार तपकिरी असेल तर तें सालीनें कमावलेलें समजावें. गाभा निळसर-करडा दिसला तर तें क्रोमाचें असण्याचा संभव फार. मग ती वस्तु १८८४ पूर्वींची असूं शकत नाहीं, मग तिच्याबरोबर पेशवाईंतील कोणत्याहि सरदाराचें नांव जोडलेलें असो.

दुसरी, शिवण. टाके किंचित् तिरके, दोन्ही अंगांस सारखे उठावाचे, व मधून मधून हाताच्या ताणाचा फरक दाखविणारे असतील तर काम दोन सुयांचें. सर्व टाके यंत्रवत् समान, आणि दोन दोरे मध्यें अडकलेले दिसले तर तें काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या पुढचें. मात्र दुरुस्तीची शिवण नवी व मूळ वस्तु जुनी, असेंहि पुष्कळदां असतें. म्हणून एकाच जागीं पाहून निर्णय करूं नये.

तिसरी, भर. फाटलेल्या जागेंतून ती आपोआप दिसत असेल तर नोंद करावी : चामडें, दोरी, नमदा, कापूस कीं चिंध्या. पाहण्यासाठीं शिवण उसवूं नये. जी शिवण दोनशें वर्षें टिकली ती आपल्या कुतूहलानें जाऊं नये.

चौथी, आंतली बाजू. घामाचे डाग, केंस, झिजून गुळगुळीत झालेला भाग, कड्याजवळचा ताण, यांवरून साज खरोखर वापरांत होता कीं केवळ मिरवणुकीचा, हें ओळखतां येतें. वरून सारखे दिसणारे दोन साज आंतून अगदीं निराळे असूं शकतात.

येथेंच एक सूचना करणें अवश्य आहे. जुन्या चामड्यास चकाकी यावी म्हणून तेल चोळण्याची चाल आहे, ती सोडावी. सालीनें कमावलेलें चामडें दूषित हवेनें कालांतरानें तांबूस भुकटीसारखें झडूं लागतें. तेलानें हा विकार बरा होत नाहीं. उलट तेलावर धूळ बसते, आणि घामाच्या ज्या खुणा पुराव्यादाखल पाहावयाच्या त्या पुसल्या जातात. कोरड्या, सावलीच्या जागीं, घडी न घालतां, आंतून कापडाचा आधार देऊन वस्तु ठेवावी. याहून अधिक तज्ज्ञांवर सोपवावें.

९. उपसंहार

सभासदाची बखर पागेची व्यवस्था सांगतांना पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद सांगते. पाणी आणि नाल यांवांचून घोडा एक दिवस चालत नाहीं, म्हणून त्यांची नेमणूक नांवानिशीं झाली. ज्याच्या टाक्यांवर स्वाराची मांड व घोड्याची पाठ अवलंबून, तो जिनगर, आणि त्यास कातडें कमावून देणारा कारागीर, हे दोघेहि त्या ओळीच्या मागें उभे आहेत. बारगिराचा घोडा व साज सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. परंतु दोघांच्याहि साजास लागलेले हात एकाच आळींतले. घोडदळ गेल्यावर हे हात स्वस्थ बसले नाहींत. जिनगर मंडळी चित्रें, मूर्ती, धातुकाम, पुस्तकबांधणी अशा नाना उद्योगांकडे वळली, आणि त्यांत त्यांनीं नांव मिळविलें. त्यामुळें साजकामाचें ज्ञान मात्र घरांतील वडील माणसांच्या बोटांत राहिलें. तें कागदावर उतरलें नाहीं.

दफ्तरांतील कागद जपण्याची आपल्याकडे आतां सोय झाली आहे. कागदांतील शब्दांमागची वस्तु जपण्याची सोय अजून व्हावयाची आहे. आणि वस्तु घडविणारी रीत तर हातावेगळी होऊन चालली आहे. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारास जाणाऱ्या अभ्यासकानें घोड्यांबरोबर त्यांचे पट्टेहि पाहावे. म्हातारा कारागीर भेटल्यास त्याच्या हत्यारांचीं नांवें, टाक्यांचीं मापें आणि खळीचें प्रमाण टिपून घ्यावें. पिंपळगांवच्या बाजारांतील शेतकऱ्याप्रमाणें आपणहि वस्तु उलटी करून तिची आंतली बाजू अंगठ्यानें चाचपूं लागलों, तर पागेच्या याद्यांतील पुष्कळ ओळी, आज ज्या आपणांस नुसत्या खोगीरभरतीच्या वाटतात, त्या बोलूं लागतील.